काना

चोडणच्या धक्क्याला फेरी लागते,
म्हणजे पुरती लागते असं नाही.
मध्ये फट राहते. भरतीला वीतभर,
सुकतीला एवढी, की माझ्या मुलाची चप्पल गेली
ती अजून खारफुटीत कुठेतरी असेल.
मी खलाशी. साखळी सोडायची, साखळी ओढायची,
आणि सात वर्षं, रोज सकाळी साडेआठला,
कालिंदी चोडणकरला खुर्चीसकट उचलायचं.

चौघे लागायचो. मी, सायकल टेकवून पोदेर,
आणि हाताशी येतील ते दोघे.
बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.
तिला पलीकडे उतरवलं की संध्याकाळपर्यंत
आपण कुणीतरी चांगले आहोत असं वाटत राहायचं.

ती पणजीत, छापखान्यात, मुद्रितं तपासते.
आमच्या फेरीवर पाटी आहे : सावधन.
पहिल्याच दिवशी म्हणाली, काना राहिलाय.
मी हसलो.
राहिला तो राहिलाच.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान घेऊन
अख्खं गाव फेरीवर. चौथा गडी नवखा.
खुर्ची कलली.
ती पडली नाही. डबा पडला, आणि चष्मा.
रायबंदर येईपर्यंत गप्प होती.
मग म्हणाली,
बाबुसो, मला उचलू नको.
फट बुजव.

खात्याला अर्ज गेला, तिच्याच अक्षरात.
अकरा महिन्यांनी उत्तर :
आपला अर्ज विचारधीन आहे.
तिने तांबड्या शाईने काना घातला
आणि कागद परत पाठवला.
पुढे काही आलं नाही.

पुंडलिक च्यारी म्हणाला, फुकट करून देतो, पुण्य लागेल.
ती म्हणाली, बिल दे.
फणसाची फळी, सहा फूट,
वर काथ्याची दोरी आडवी ठोकलेली,
शेवाळावर चाक घसरू नये म्हणून.

पहिल्या दिवशी नेमकी सुकती.
फळी शिडीसारखी उभी लागली.
अर्ध्यावर गेली आणि मागे आली.
माझे हात आपोआप पुढे झाले.
ते मागे घेताना जेवढा जोर लागला
तेवढा साखळीला कधी लागला नाही.
पोदेराने भोंपू वाजवला, कुणासाठी कोण जाणे.
फेरी गेली, आली, परत गेली.
ती धक्क्यावर पाण्याकडे बघत बसली होती,
एखाद्या हट्टी वाक्याकडे बघावं तशी.
तिसऱ्या खेपेला पाणी चढलं होतं.
ती चढली.
त्या दिवशी तिचा अर्धा पगार कापला.
हे तिने मला सांगितलं तेव्हा हसत होती.

फळी आता फेरीवरच असते, कठड्याला बांधलेली.
इनासीन मासळीची गाडी तिच्यावरूनच ढकलते,
वर आणि मलाच ओरडते, नीट धर.
परवा एक म्हातारा आला, एक पाय ओढत.
साठीचा असेल, गावचाच,
आणि मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
चोडणात असे किती आहेत,
दाराशी बसून फेरीचा आवाज ऐकणारे,
हे मी कधी मोजलं नव्हतं.

पाटीवरचा काना मी घातला, उरलेल्या तांबड्या रंगाने.
तिने पाहिला. म्हणाली, वाकडा आलाय.

गेल्या आयतवारी दुपारीच आली.
छापखाना बंद, कानात नवी कुडी.
कुठे निघालीस, मी विचारलं, सवयीने.
काथ्यावरून खरखर करत ती वर आली,
ब्रेक लावला, वाऱ्याला पाठ केली.
तुला कशाला?

खरंच की.
मी साखळी ओढली.
इतकी वर्षं ती कुठे जाते हे मला ठाऊक होतं,
कारण मीच तिला तिथे ठेवत होतो.